अंग बाहेर येणे हे बाईचे नशीब नव्हे



गुडघे दुखतात, कंबर धरते, डोळ्यांपुढे अंधारी येते, हे आपल्याकडची बाई चारचौघींत मोकळेपणाने सांगते. त्यावर कोणी तेल सुचवते, कोणी काढा, कोणी गोळी. पण शिंक आली की लघवीचे थेंब गळतात, हंडा उचलला की खाली काहीतरी उतरल्यासारखे वाटते, दिवसभर खुरपून आल्यावर संध्याकाळी अंग बाहेर येते आणि निजल्यावर आपोआप आत जाते, हे मात्र ती सख्ख्या बहिणीलाही सांगत नाही. धीर करून सासूला सांगितलेच तर उत्तर ठरलेले असते, "लेकरं झाली की असं व्हायचंच. आमचंबी झालं." विषय तिथेच संपतो. मग पुढची वीस-वीस वर्षे ती बाई जुनेराच्या घड्या वापरते, एस.टी.चा लांबचा प्रवास टाळते, लग्नकार्यात पाणी पीत नाही आणि चार बायकांत हसू आले तरी आधी मांड्या आवळते.

आम्ही पेशाने कारकून, शिक्षण बी.कॉम. डॉक्टरकी आम्हाला येते असा आमचा दावा नाही. पण महिला मंडळाच्या कामामुळे करकंब आणि भोवतालच्या वस्त्यांवर आमचे जाणे-येणे असते. मातृवंदना योजनेचा फॉर्म भरायला आलेली बाई फॉर्म झाल्यावरही उठत नाही, तेव्हा तिला आणखी काही बोलायचे आहे, हे आता आम्हाला ओळखू येते. अशा बोलण्यातून एक गोष्ट ध्यानात आली. या दुखण्याला उपाय आहे. सुरुवातीला गाठले तर तो बहुतेक वेळा फुकट आहे आणि घरच्या घरी करता येतो. पण नेमका तोच आपल्या बायांपर्यंत पोचलेला नाही. पोचलेला आहे तो एकच सल्ला : "पिशवी काढून टाका." म्हणून हा लेख.

बाजेची नवार

आपल्या घरातली बाज डोळ्यांपुढे आणा. चारी बाजूंनी लाकडी चौकट आणि मध्ये नवारीचे विणकाम. बाईच्या कमरेच्या हाडांचा घेर म्हणजे ती चौकट. त्या घेराच्या तळाशी, पुढे ओटीपोटाखालच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत स्नायूंची एक नवार ताणून बसवलेली असते. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय ही तिन्ही तिच्यावर विसावलेली असतात. लघवीचा, बाळाच्या येण्याचा आणि शौचाचा, असे तिन्ही मार्ग त्या विणीतूनच बाहेर येतात. नवार घट्ट असेल तर हे मार्ग हवे तेव्हा आवळून धरता येतात, हवे तेव्हा सैल सोडता येतात. नवार खाली झोळ देऊ लागली की वरची अवयवेही खाली सरकतात. यालाच आपण अंग बाहेर येणे म्हणतो.

गरोदरपणाचे नऊ महिने वाढते ओझे याच नवारीवर असते. बाळाचे डोके बाहेर येताना तिचा मधला भाग मूळ लांबीच्या तिपटीहून अधिक ताणला जातो, असे 2004 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी संगणकावर नमुना मांडून दाखवले. एवढे सोसूनही बहुतेकींचा हा स्नायू टिकतो, ही निसर्गाची करामतच म्हणायची. पण ताणलेली नवार आपली आपण पूर्वीसारखी घट्ट होतेच असे नाही. बाज सैल पडली की आपण पायथ्याची दोरी ओढून घेतो. इथे दोरी ओढायची म्हणजे व्यायाम करायचा.

बाळंतपणानंतर साधारण तिघींतल्या एकीला लघवी गळण्याचा त्रास होतो, असे जगभरच्या पाहण्या सांगतात. तेव्हा हे करकंबच्या किंवा आपल्या समाजाच्या बाईचेच दुखणे आहे, असे कोणी समजू नये. पैसेवाल्या घरची बाईही यातून सुटत नाही. फरक पडतो तो पुढे. तिला विश्रांती मिळते, आपल्या बाईला मोळी मिळते.

डोक्यावरचे ओझे

करकंब हे पंढरपूर तालुक्यातले, पंढरपूर-टेंभुर्णी रस्त्यावरचे मोठे गाव. उजनीचे पाणी आले, ऊस आला, कारखाने आले. बाईच्या डोक्यावरचे ओझे मात्र उतरले नाही. हंगामात ऊसतोडीच्या टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधते आणि तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन गाडीत चढवते. यात गरोदर बाया असतात, ओल्या बाळंतिणी असतात. खाडा झाला तर पैसे कापले जातात, म्हणून खाडा करायचा नाही.

शेतात न जाणारीचेही फार वेगळे नाही. आमचा हात हिशेबाचा, म्हणून एक हिशेब मांडून दाखवतो. पाण्याचा हंडा पंधरा लिटरचा धरा. घरात नळ नसेल तर बाईच्या दिवसाला आठ खेपा सहज होतात. म्हणजे 120 किलो. बाळंतिणीने सव्वा महिन्याच्या, म्हणजे जवळपास 40 दिवसांच्या विश्रांतीत हेच काम केले, तर तिने 4,800 किलो उचलले. एका ट्रॉलीभर ऊस भरावा एवढे हे ओझे होते आणि ते सगळे त्या ताणलेल्या नवारीवर पडते. घरातल्या बाप्यांनी हा आकडा एकदा मोठ्याने वाचावा.

ओझ्यासारखेच आणखी काही शत्रू आहेत. जुनाट खोकला हा त्यांतला मोठा. चुलीच्या धुराने, विडीने जो खोकला लागतो, त्याचा प्रत्येक ठसका खालून धक्का देतो. दुसरा बद्धकोष्ठ. रोज सकाळी कुंथून कुंथून शौचाला बसणे म्हणजे रोज थोडे थोडे अंग खाली ढकलणे. कमी अंतराने झालेली बाळंतपणे, फार वेळ अडलेली बाळंतपणे, चिमटा लावून झालेली बाळंतपणे हीही कारणे आहेत. पाळी जाण्याच्या वयात शरीरातला रस कमी होतो, तेव्हा तोवर दबून राहिलेले दुखणे वर येते.

न बोलण्याची किंमत

बाई बोलत नाही म्हणजे तिला दुखणे नाही, असा समज सरकारी आरोग्यखात्यातही बरीच वर्षे होता. तो आपल्या महाराष्ट्रातच खोटा ठरला. गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन खेड्यांत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी बायांची तपासणी केली. त्यांचा अहवाल 1989 साली लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. 650 बाया तपासल्या, त्यांतल्या 92 टक्के बायांना खालच्या अंगाचे एक ना एक दुखणे निघाले. आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या बाया किती? फक्त 8 टक्के. जगभरच्या डॉक्टरांनी या आकड्यांची दखल घेतली. आमच्या मते त्यातला 92 पेक्षा 8 हा आकडा जास्त बोलका आहे.

जिथे दुखणे सांगायची सोय नसते, तिथे ते सहन होईनासे झाल्यावरच दवाखान्यात जाते. आणि तोवर बाईला एकच पर्याय दिसू लागतो. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 साली विधिमंडळात गाजला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी झालेल्या 82 हजारांवर ऊसतोड बायांपैकी 13 हजारांहून अधिक बायांची पिशवी काढलेली निघाली. हिशेब केला तर साधारण सहांतली एक. कित्येक जणी तर अजून चाळिशीच्या आतल्या. पांढरे जाते, पोट दुखते, पाळीत खाडा होतो, अंग जड वाटते, कारण काहीही असो, उत्तर एकच मिळत गेले. केंद्र शासनाने पुढे 2022 मध्ये गर्भाशय काढण्याबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या आणि 2023 साली सर्वोच्च न्यायालयाने त्या सर्व राज्यांना लागू करायला सांगितल्या.

पिशवी काढणे नेहमीच चुकीचे, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. कर्करोग असेल, रक्तस्राव थांबत नसेल, अंग पूर्ण बाहेर पडलेले असेल, तर ती शस्त्रक्रिया जीव वाचवते, सुख देते. पण एक साधी गोष्ट समजून घ्या. नवार सैल झाली म्हणून बाजेवरची उशी फेकून दिली, तर नवार घट्ट होते काय? पिशवी गेली तरी तळ सैलच राहतो. तो दुरुस्त केला नाही, तर पुढे त्याच जागेतून योनिमार्गाचा वरचा भाग खाली येऊ शकतो, लघवी गळणे तसेच राहू शकते. आणि तिच्याबरोबर बीजकोशही काढले तर ऐन तरुणपणी पाळी गेल्याचे परिणाम सुरू होतात, हाडे ठिसूळ होत जातात.

आपल्याच माणसांनी यावर फार पूर्वी विचार केला आहे. डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर हे मूळचे गोव्याचे, मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात होते. गर्भ टिकावा म्हणून गर्भाशयाच्या तोंडाला घालायच्या टाक्यासाठी त्यांचे नाव जगभर घेतले जाते. पण अंग बाहेर येणाऱ्या तरुण बायांसाठी, ज्यांना अजून मुले हवी आहेत अशांसाठी, पिशवी न काढता ती पट्टीने वर बांधून घेण्याची शस्त्रक्रियाही त्यांनी बसवली. मुंबईचेच डॉ. पुरंदरे यांच्या नावाचीही अशीच एक शस्त्रक्रिया आहे. या दोन्ही मराठी डॉक्टरांची नावे आजही वैद्यकीच्या पुस्तकांत आहेत. मुंबईत पिशवी वाचवायची विद्या इतकी जुनी असताना आमच्या खेड्यातल्या बाईला काढण्यापलीकडे काही सांगितले जाऊ नये, याची चीड येते.

फुकटचा व्यायाम

आता मुद्द्यावर येऊ. 1948 साली अमेरिकेतले डॉ. आर्नल्ड केगल यांनी बाळंतपणानंतर लघवी गळणाऱ्या बायांना शस्त्रक्रियेऐवजी तळाच्या स्नायूंचा व्यायाम द्यायला सुरुवात केली. तोच आज जगभर त्यांच्या नावाने चालतो. फ्रान्समध्ये तर बाळंतिणीला या व्यायामाच्या साधारण दहा बैठका दिल्या जातात आणि खर्च तिथली सामाजिक विमा योजना उचलते.

स्नायू ओळखायचा कसा? समजा, तुम्ही विहारात वंदनेला बसला आहात आणि नेमका वारा सरणार असे वाटते. तेव्हा तुम्ही मागून जे आवळून धरता, तोच हा स्नायू. तसेच आवळत पुढे लघवीच्या जागेपर्यंत यायचे आणि सगळे मिळून आत, वरच्या बाजूला ओढून घ्यायचे. बाहेरून काही दिसता कामा नये. पोट, मांड्या, कुल्ले घट्ट झाले तर स्नायू चुकला. श्वास रोखला तरी चुकला. खाली जोर दिला तर उलटेच झाले, त्याने अपाय होतो. शंका असेल तर एकांतात हातआरसा धरून पाहावे, जागा आत ओढली गेली पाहिजे. लघवी मध्येच रोखून हा व्यायाम रोज करायचा नाही. त्याने लघवी पूर्ण होत नाही.

सुरुवातीला उताणे निजून, गुडघे मोडून करावे. आवळावे, मनात पाच अंक मोजावेत, पूर्ण सैल सोडावे आणि तेवढाच वेळ थांबावे. असे आठ-दहा वेळा. जमू लागले की मोजणी दहापर्यंत न्यावी. शेवटी आठ-दहा वेळा पटापट आवळावे व सोडावे. हे दिवसातून तीनदा. पुढे बसून, उभ्याने, भाकऱ्या थापताना, गाडीची वाट पाहताना, कुठेही करता येते, शेजारच्या बाईला पत्ताही लागत नाही. सैल सोडण्याचा भाग कोणी टाळू नये. बाळंतपणाच्या वेळी तर सैल सोडणेच कामी येते. ज्या बाईला मुळातच तिथे दुखते, आवळल्याने दुखणे वाढते, तिने आधी तपासून घ्यावे.

आणखी एक युक्ती आहे. खोकला, शिंक येणार असे वाटले, किंवा हंडा उचलायचा झाला, की आधी खालून आवळायचे आणि मगच खोकायचे, मगच उचलायचे. उचलताना कंबरेतून वाकू नये. गुडघ्यात वाकून, ओझे अंगाजवळ घेऊन, श्वास सोडत उठावे.

फळ किती दिवसांत? घाई करणाऱ्यांसाठी हा व्यायाम नाही. किमान तीन महिने नेमाने करावा लागतो. पण फळ मिळते, याचा पुरावा भक्कम आहे. अनेक देशांतल्या चाचण्यांचा एकत्र आढावा 2020 साली प्रसिद्ध झाला. लघवी गळायला लागण्याआधीच, गरोदरपणात ज्यांनी हा व्यायाम सुरू केला, त्यांच्यात शेवटच्या महिन्यांत गळण्याचा धोका 62 टक्क्यांनी कमी झाला. बाळंतपणानंतर तीन ते सहा महिन्यांनीही तो 29 टक्क्यांनी कमीच होता. म्हणून सून गरोदर आहे असे कळले की डिंकलाडवाच्या तयारीआधी तिला हा व्यायाम शिकवावा. मुद्दाम सांगतो, सासूनेही तिच्यासोबत करावा, कारण थोडेसे उतरलेले अंग या व्यायामाने सुसह्य होते. पूर्ण बाहेर पडलेले अंग मात्र नुसत्या व्यायामाने वर जात नाही, हेही खरे.

बाळंतपणाच्या खोलीत

पहिलटकरणीने नववा महिना लागताना नर्सबाईंना विचारून एक गोष्ट करावी. हात स्वच्छ धुऊन, नखे कापून, खोबरेल तेलाने योनिमार्ग आणि गुदद्वार यांमधल्या जागेची आतून-बाहेरून हलकी मालीश करावी. आठवड्यातून एक-दोनदा पाच मिनिटे पुरे. याने टाके घालावे लागण्याची शक्यता कमी होते. रक्त जात असेल, पाणी गेले असेल, तिथे काही जंतुसंसर्ग असेल, तर करू नये.

कळा सुरू झाल्यावर निजूनच राहिले पाहिजे असे नाही. चालावे, उकिडवे बसावे, कुशीवर व्हावे. गर्भाशयाचे तोंड पूर्ण उघडण्याआधी जोर लावू नये. पूर्वीच्या सुइणी आणि आजच्याही काही जणी पहिल्या कळेपासून "लाव जोर, लाव जोर" म्हणत राहतात, त्याने बाई थकते आणि तळ विनाकारण ताणला जातो. पोटावर वरून दाबून बाळ ढकलणे तर चुकीचेच. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 च्या शिफारशींत असे दाबू नये असे सांगितले आहे, आणि सरसकट प्रत्येक बाईला खालून कापू नये असेही सांगितले आहे. गरज पडली तर कापावे लागते, त्याला घाबरू नये. डोके दिसू लागल्यावर तिथे कोमट पाण्यात भिजवलेले स्वच्छ फडके धरले तर मोठ्या जखमा कमी होतात. बाळंतपणात सोबत विश्वासाची बाई असावी, हीही त्याच शिफारशींतली गोष्ट. आमचा अनुभव असा, की सोबतीण बोलकी असेल तर अर्धी कामे होतात.

सव्वा महिना

बाळंतिणीचा सव्वा महिना ही आपल्या आयाबायांची रीत. आजचे डॉक्टरही 42 दिवस म्हणतात, म्हणजे म्हाताऱ्यांचे फार चुकले नव्हते. चुकले ते इतकेच, की ही विश्रांती पहिल्या बाळंतपणाला माहेरी मिळते आणि दुसऱ्याला, तिसऱ्याला सासरी विसरली जाते.

या विश्रांतीसाठी बाबासाहेब भांडले होते. 28 जुलै 1928 रोजी मुंबईच्या कायदेमंडळात बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकाला पाठिंबा देताना त्यांनी मांडले, की बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलावा. 1929 साली मुंबई इलाख्यात कायदा झाला. पुढे 1961 चा देशव्यापी कायदा आला, 2017 मध्ये रजा 26 आठवड्यांची झाली. पण रजा नोकरदारणीला. कोयत्याला, खुरप्याला रजा नाही. तिच्यासाठी मातृवंदना योजनेतून पहिल्या बाळाला 5,000 रुपये आणि दुसरी मुलगी झाली तर 6,000 रुपये मिळतात. हे पैसे बाईच्या खात्यावर येतात. ते घरखर्चात किंवा उचल फेडण्यात न घालता तिच्या खाण्यावर आणि तिचे काम दुसऱ्याने करण्यावर लावावेत, असा आमचा प्रत्येक घरी आग्रह असतो. कोणी ऐकतात, कोणी हसतात.

या दिवसांत काय करायचे? लघवी नीट होऊ लागली आणि दुखणे सोसवेल इतके झाले, की दुसऱ्या दिवसापासूनच हलके आवळणे-सोडणे सुरू करावे. टाके असले तरी चालते, त्याने तिथला रक्तपुरवठा वाढतो. सिझर झालेल्या बाईनेही करावे. नऊ महिन्यांचे ओझे तिच्याही नवारीने सोसलेलेच असते. दिवसातून बऱ्याच वेळा आडवे पडावे, खालच्या भागावरचा भार उतरतो. बाळापेक्षा जड काही उचलू नये. पोट बांधायची रीत आहे, पण लुगड्याचा पट्टा करकचून आवळला तर पोटातला दाब खाली जातो. बांधायचेच तर सैल बांधावे.

आणि पाणी. बाळंतिणीला पाणी तोडतात, ही रीत मात्र सोडलीच पाहिजे. पाणी कमी, त्यात लोहाच्या गोळ्या, मग शौच खडा होतो आणि बाई कुंथत बसते. तिला भरपूर पाणी द्यावे. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, मटकीची उसळ, डाळ, अंडी, मासळी, जे घरात होते ते पोटभर द्यावे. लोहाच्या गोळ्या बंद करू नयेत, त्या बाळंतपणानंतरही सहा महिने घ्यायच्या असतात.

नवऱ्यांसाठी दोन ओळी. या दिवसांत हंडा तुम्ही भरायचा. आणि निदान सहा आठवडे, जखम भरून बाईची स्वतःची तयारी होईपर्यंत, तिच्यापासून दूर राहायचे. त्यानंतरही तिला दुखत असेल तर ते नखरे नसतात.

दवाखान्यात काय सांगावे

आशाताई बाळंतपणानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. त्या बाळाचे वजन करतात, तेव्हा आपलेही सांगावे. थेंब गळतात का, खाली जड वाटते का, वारा किंवा शौच आवरत नाही का. शौच आवरत नसेल, सतत लघवी वाहत असेल, लघवी अडली असेल, ताप येऊन घाण वास येत असेल, तर बेचाळिसाव्या दिवसाची वाट पाहू नये, लगेच दवाखाना गाठावा. अडलेल्या बाळंतपणानंतर दिवसरात्र लघवी वाहू लागली तर मूत्राशयाला भोक पडलेले असू शकते. ते शस्त्रक्रियेने बुजवता येते. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसले तरी तपासणी हवीच.

करकंबच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा पंढरपूरच्या उपजिल्हा रुग्णालयात केसपेपर काढताना "कंबर दुखते" असे सांगू नका. तसे सांगितले तर कंबरेची गोळी मिळेल. "अंग बाहेर येते" किंवा "लघवी गळते" असेच सांगा, आणि बाई डॉक्टर हव्या असतील तर त्या कोणत्या दिवशी असतात ते विचारा. डॉक्टरांनी पिशवी काढायचा सल्ला दिला तर तीन प्रश्न विचारावेत. कशासाठी काढायची? न काढता काही करता येईल का? आणि काढली तर तळही दुरुस्त करणार का? मग कागद घेऊन सोलापूरच्या सिव्हिलमध्ये दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे. घाईचे कारण नसेल तर चार-आठ दिवसांनी काही बिघडत नाही.

रिंगबद्दलही विचारावे. ही सिलिकॉनची मऊ कडी असते, योनिमार्गात बसवतात आणि ती अंग वर धरून ठेवते. शस्त्रक्रिया नको असलेल्या, वय झालेल्या किंवा दुसरे आजार असलेल्या बायांना ती फार उपयोगी पडते. डॉक्टर मापाने बसवून देतात. ती ठरलेल्या मुदतीने काढून, धुऊन, तपासून पुन्हा बसवावी लागते. त्यामुळे पुढची तारीख केसपेपरवर लिहून घ्यावी आणि केसपेपर जपून ठेवावा.